गाडी सात सीटची, पण शेवटच्या ओळीत कोण बसणार?



या पानावर केळीचा करपा, पानवेलीची मर, मोगऱ्याची छाटणी हेच वाचायची तुम्हाला सवय. आजचा विषय शेतातला नाही, पण शेतकऱ्याच्या घरातला आहे. गेल्या दोनेक वर्षांत आमच्या बोळिंजला आणि इकडे आगाशी, नाळे, वाघोलीच्या ओळखीच्या घरांत एकच बोलणं ऐकतोय, "माणसं वाढली, आता सात सीटर बघायला पाहिजे." आमच्याही घरात तेच चाललंय. आई, आम्ही दोघं, मुलगा, सूनबाई, पाच वर्षांची नात आणि यंदा श्रावणात आलेला नातू. मोजा, सात झाले. दारातली गाडी पाच जणांची.

आता सल्ला कोणाकडून घ्यायचा? शोरूमचा पोरगा आणि यूट्यूबवरचा पोरगा, दोघंही पुढच्या सीटवर बसून बोलतात. स्क्रीन किती इंचाची, सनरूफ आहे का, गाणी कशी वाजतात. माझं म्हणणं असं, की मोठ्या कुटुंबाची गाडी मागून पुढे बघत यावी. आधी शेवटची ओळ, मग मधली, आणि स्टिअरिंग सगळ्यात शेवटी. कारण सात सीटरचे जास्तीचे पैसे आपण शेवटच्या दोन जागांसाठीच देतो. त्या जागा नुसत्या कागदावर असतील तर पाच सीटर काय वाईट?

आपल्या भागात मोठी गाडी म्हणजे पहिली मारुती व्हॅन. कंपनीने ती १९८४ मध्ये आणली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं. ७९६ सीसीचं इंजिन, पुढच्या सीटखाली. उन्हाळ्यात बुडाला चटके बसायचे. पण दार सरकतं होतं, सीट काढता यायची, आणि वाडीच्या बांधापर्यंत ती जायची. पहाटे केळीचे घड, पानांच्या करंड्या, फुलांची पोती. ती उतरवून, फडकं मारून, संध्याकाळी त्याच गाडीतून हळदीला दहा माणसं. वसईतल्या किती घरांनी त्या गाडीवर संसार ओढला त्याची गिनती नाही. तिने आपल्याला मोठं केलं हे खरं, पण एक सवयही लावून गेली. गाडीत जागा सीटने मोजायच्या नाहीत, अंगाने मोजायच्या. "दोन पोरं मिळून एक माणूस", "आजी बारीक आहे, मावेल". २०१९ मध्ये ओम्नी बंद झाली, कारण अपघाताच्या चाचणीचे नवे नियम त्या पुढून चपट्या गाडीला झेपणारे नव्हते. सवय मात्र तशीच राहिली, आणि आपण तीच घेऊन शोरूममध्ये जातो.

ओम्नीच्या जागी ईको. २०१० पासून आहे. तिचा एक गुण मला आजही मोठा वाटतो. तिची रुंदी १४७५ मिलिमीटर, म्हणजे पाच फुटांच्याही आत. अर्टिगा १७३५, इनोव्हा क्रिस्टा १८३०. शहरातला माणूस याला आकडे म्हणेल. आपल्या आळीत एका बाजूला दगडी कुंपण आणि दुसऱ्या बाजूला बावखल असतं, तिथे हा आकडा काय ते कळतं. पावसाळ्यात कडेची माती सुटलेली असते, समोरून पाण्याचा टँकर येतो आणि मागे घ्यायला जागा नसते. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी टेप घेऊन आपलं फाटक आणि आळीतली सगळ्यात अरुंद जागा मोजा. आरशांसह मोजा. कंपनीच्या कागदावर रुंदी आरसे सोडून लिहिलेली असते.

पण ईकोला एसी पाच सीटरलाच, कंपनीचा सीएनजीही पाच सीटरलाच. सात सीटरची २०२५ मध्ये सहा सीटर झाली, तीही बिनएसी. वैशाखात, तान्हं मूल घेऊन, बिनएसी गाडीत सात जण घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले तर काय होतं ते मी सांगायला नको.

आता आजीचं. हे लिहायचं म्हणूनच आज बसलो खरं तर.

कुठे सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं, की घरातली म्हातारी म्हणते, "तुम्ही जाऊन या. मी नाय येत. वाडीला पाणी कोण सोडील?" आपण मानून घेतो. पंप तर मोबाईलवरून चालू होतो आता! तिने मनात माणसं मोजलेली असतात, जागा मोजलेल्या असतात, आणि स्वतःला वजा केलेलं असतं. माझी आई अशी दोन वर्षं कुठल्या लग्नाला आली नाही. तिला निर्मळच्या जत्रेला जायचं असतं, वज्रेश्वरीला जायचं असतं. विचारलं तर गुडघे दुखतात म्हणेल. गुडघे दुखतात हेही खरंच. म्हणून सात सीटर घ्यायची तर ती ज्या माणसासाठी घ्यायची, त्याला तिच्यात चढता-उतरता आलं पाहिजे.

आणि इथेच बहुतेक घरं फसतात. घरातली उतरंड अशी असते: पुढे कर्ता पुरुष, मध्ये सूनबाई बाळाला घेऊन आणि शेजारी पाहुणे, शेवटी आजी आणि पोरं. म्हणजे गुडघे ज्यांचे गेले त्यांनी मधली सीट दुमडून, वाकून, लुगडं सावरत मागे शिरायचं. मागे जमीन उंच असते आणि सीट तिच्यापासून जेमतेम वर, त्यामुळे गुडघे छातीशी येतात. अर्ध्या तासाने पाय सुन्न. माझं सरळ मत आहे, शेवटच्या ओळीत घरातला तरणा माणूस बसवा. मुलगा, पुतण्या, मी स्वतः. गाडी सून चालवत असेल तर नवऱ्याने मागे बसावं, त्यात काय कमीपणा? आजी पुढे ड्रायव्हरशेजारी. तिथे दार मोठं, सीट उंच, पाय टेकायला जागा. बाळ आणि नात मधल्या ओळीत.

मुलं मधल्या ओळीत का, त्यालाही कारण आहे. हल्ली गाडीला तारे किती हे सगळे विचारतात, चांगलं आहे. पण तारे कसे देतात ते बघा. गाडी समोरून ठोकतात, त्यात मोठ्या माणसांचे पुतळे पुढच्या सीटवर असतात आणि मुलांचे पुतळे दुसऱ्या ओळीत. तिसऱ्या ओळीत कोणीही बसवलेलं नसतं. म्हणजे पाच तारे असले तरी त्या ताऱ्यांनी शेवटच्या ओळीबद्दल एक शब्द सांगितलेला नसतो. आणि छोट्या सात सीटरमध्ये शेवटच्या माणसाचं डोकं आणि मागची काच यात वीतभर अंतर राहतं. मागून ट्रकने टेकवलं तरी पुरे. अहमदाबाद हायवेवर मागे ट्रकच असतात.

ताऱ्यांचा हिशोबही सांगून टाकतो, कारण मी अर्टिगाच्या बाजूने बोलणार आहे आणि तिचं उणं लपवणार नाही. २०१९ मध्ये ग्लोबल एनकॅपने तिला ३ तारे दिले होते. २०२४ मध्ये नियम कडक झाल्यावर भारतात बनलेली, दोन एअरबॅगची अर्टिगा आफ्रिकेच्या बाजारासाठी तपासली, तेव्हा मोठ्यांसाठी १ आणि मुलांसाठी २ तारे आले. त्यानंतर २०२५ पासून सगळ्या अर्टिगांत सहा एअरबॅग आल्या, पण एअरबॅग वाढल्या म्हणून पत्रा बदलत नाही. बोलेरो निओलाही २०२४ मध्ये १ ताराच मिळाला, आणि तिच्यात मागे समोरासमोर आडव्या बसायच्या सीटा आहेत. तशा सीटवर पोरांना हायवेने नेणं मला पटत नाही, मग गाडी कितीही दणकट दिसो. पाच तारेच हवेत तर इनोव्हा हायक्रॉस आहे, भारत एनकॅपमध्ये तिला ५ मिळाले. पण तिच्या किमतीत आमच्याकडे एका पोराचं लग्न होतं.

ताऱ्यांपेक्षाही जवळची गोष्ट पट्ट्याची. चारोटीचा सूर्या नदीवरचा पूल आपल्या सगळ्यांच्या रस्त्यातला. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला विवळवेढ्याला जाणारी माणसं तिकडूनच जातात. त्याच पुलावर ४ सप्टेंबर २०२२ ला टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गेले. गाडी मर्सिडीज, म्हणजे आपण स्वप्नातही घेणार नाही अशी भक्कम. चार जण होते, पुढचे दोघे जखमी होऊन वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. आणि आपण त्याच पुलावरून जत्रेला जाताना मागे चौघांच्या जागी सहा जण आणि मांडीवर दोन पोरं बसवतो!

कायदा काय म्हणतो? २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात पट्टा नसेल तर १००० रुपये दंड आहे. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खास सीट नसेल तर तोही १००० रुपये, आणि तो गाडी चालवणाऱ्याला. आरसीवर लिहिलेल्यापेक्षा जास्त प्रवासी नेले तर डोक्यामागे २०० रुपये. दंडाची रक्कम सोडा, कोणीतरी ओळखीचं निघतंच. पण पन्नासच्या वेगाने गाडी आदळली तर मांडीवरचं दहा किलोचं पोर कुठल्याही बापाच्या हातात राहत नाही. केळीच्या घडाचा दांडा हातातून सुटतो तेव्हा धरता येतो का? तान्ह्या बाळाला मागे तोंड करून बसवायची सीट मिळते, गाडीच्या मधल्या ओळीत ती अडकवायचे हुक असतात, त्याला आयसोफिक्स म्हणतात. गाडी बघताना सीटच्या फटीत हात घालून हे हुक आहेत का ते बघा. हुक फक्त महागड्या मॉडेलला असतील तर तेवढ्यासाठी वरचं मॉडेल घेणं मी समजू शकतो. सनरूफसाठी नाही.

आणि हो, बाळाची सीट लावली की मधल्या ओळीची एक जागा कायमची गेली. तिच्या बाजूने मागे शिरता येत नाही, कारण ती सीट दुमडता येत नाही. म्हणून ती कोणत्या बाजूला लावणार हे शोरूममध्येच करून बघा. अर्टिगाची मधली ओळ पुढे-मागे सरकते, पाठ कलते, हा मोठा फायदा. आम्ही बघायला गेलो तेव्हा मी शेवटच्या ओळीत बसलो आणि मुलाला म्हटलं, वीस मिनिटं फिरव. तिथला माणूस हसत होता, म्हणाला, "काका, मालक मागे बसत नाय कधी." म्हटलं, म्हणूनच बसतोय.

आता डिकी. जाहिरातीत मागच्या सीटा पाडून डिकीचा फोटो दाखवतात. सातही जण बसल्यावर काय उरतं ते विचारा. अर्टिगात २०९ लिटर, म्हणजे आपला जीवामृताचा एक ड्रम. ट्रायबरमध्ये ८४ लिटर, पाठीवरच्या फवारणी पंपाच्या पाच टाक्या फक्त. सात माणसांचं दोन दिवसांचं सामान, बाळाची दुपटी, आईच्या औषधांची पिशवी, सासरहून निघताना दिलेले चार नारळ. कुठे ठेवणार? ट्रायबरला नावं ठेवत नाही मी. तिच्या शेवटच्या सीटा उचलून घरी ठेवता येतात, मग डिकी ६२५ लिटरची होते. घरात पाच माणसं आणि सणावाराला सात होत असतील त्यांनी ट्रायबरच घ्यावी. रोजच सात असतील त्यांनी नाही. ९९९ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, त्र्यंबकला जाताना कसारा घाटात सात जण आणि एसी म्हटल्यावर ते रडणारच.

ट्रायबर एवढी आखूड का, त्याचं कारण सरकारच्या कराच्या कोष्टकात आहे. गाडी चार मीटरच्या आत आणि पेट्रोलचं इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर कर कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीला १८ टक्के जीएसटी आणि त्यापेक्षा मोठीला ४० टक्के. ट्रायबर ३९९० मिलिमीटर, दहा मिलिमीटर राखून आत. अर्टिगा चार मीटरच्या बरीच बाहेर. चार मीटरमध्ये तीन ओळी बसवायच्या तर इंच कुठून तरी कापावे लागतात. ड्रायव्हरचे कापले तर गाडी विकली जात नाही, म्हणून मागच्याचे कापतात. घरात मोठी वाटणी झाली तर धाकट्याच्या वाट्याला नेहमी बांधालगतचा तुकडा येतो, तसं.

सीएनजीबद्दल मी जे सांगणार ते बऱ्याच जणांना आवडणार नाही. आपल्याकडे "सीएनजीच घे" हे आता आरती म्हटल्यासारखं म्हणतात. हिशोब करा. पेट्रोल शंभरीच्या पुढे, सीएनजी ऐंशीच्या आसपास धरू. सात माणसं, एसी, आपले खड्डे हे बघता पेट्रोलची गाडी लिटरला चौदा देईल, सीएनजीची किलोला वीस. कंपनीचे आकडे २० आणि २६ आहेत, ते कंपनीच्या रस्त्यावरचे. म्हणजे किलोमीटरमागे साधारण साडेतीन रुपये वाचतात. सीएनजी मॉडेल नव्वद-पंचाण्णव हजारांनी महाग. महिन्याला १५०० किलोमीटर फिरणाऱ्याचे हे पैसे दीड वर्षात सुटतात, त्याने खुशाल घ्यावी. पण आपलं फिरणं किती? वाडी घराला लागून, मुलगा नोकरीला लोकलने जातो, फुलं पहाटेच्या विरार लोकलने दादरला. आमची गाडी महिन्याला पाचशेच्या वर जात नाही. आम्हाला ते पैसे सुटायला साडेचार वर्षं लागतील. तोवर दर तीन वर्षांनी सिलिंडरची टेस्टिंग, पंपावर रांग, आणि चढाला दम कमी. सगळ्यात मुख्य म्हणजे ६० लिटरचं सिलिंडर त्याच डिकीत बसतं, जी आधीच एका ड्रमएवढी आहे. मग सामान माणसांच्या पायात. शेवटच्या ओळीत बसणाऱ्याच्या पायात, अर्थात.

यावर काही जण म्हणतील, डिकी लहान तर सीट पाडून माल भरू, आपल्याला भाजीपण न्यायची असते. तिथे मी हात जोडतो. घरच्या गाडीतून माल नेऊ नका. खाजगी गाडीच्या विमा पॉलिसीत "वापराच्या मर्यादा" म्हणून बारीक अक्षरात एक परिच्छेद असतो. भाड्याने वापर आणि मालवाहतूक त्यात बसत नाही, फक्त स्वतःचं सामान आणि नमुने चालतात. दहा कॅरेट टोमॅटो हे स्वतःचं सामान आहे की माल, हा वाद अपघातानंतर विमा कंपनीशी घालायचा का? घरच्या जेवणासाठी आणलेली भाजी वेगळी. बाजारचा माल छोट्या हत्तीत, चार जण मिळून टेम्पोत, नाहीतर लोकलने. एकाच गाडीत माल आणि माणसं हा ओम्नीचा जमाना होता, तेव्हा विम्याचा कागद कोणी वाचत नव्हतं.

विम्याचं आलंच आहे तर अजून दोन गोष्टी. जुन्या गाडीला पुष्कळ जण फक्त थर्ड पार्टी काढतात. ती रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी असते. तुमच्या खाजगी गाडीत बसलेली तुमची आई, तुमचा नातू तिच्यात येत नाहीत. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, तो मालकाचा. गाडीतल्या बाकीच्यांसाठी पॅकेज पॉलिसी घ्या आणि प्रवाशांचा अपघात विमा जोडा, थोडक्या पैशांत होतो. दुसरं, जागेपेक्षा जास्त माणसं भरली तर विमा कंपनीने किती जणांचं द्यायचं, यावर २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. ४२ जणांची बस होती, आत नव्वदच्या आसपास माणसं होती. कोर्टाने कंपनीची जबाबदारी ४२ जणांपुरतीच ठरवली. उरलेल्यांचा बोजा मालकावर. आपल्या सात सीटरमध्ये अकरा भरले तर वरचे चार कोणाच्या सातबाऱ्यावर येतील ते समजून घ्या.

पावसाचंही लक्षात ठेवा. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार बुडालं होतं, नालासोपाऱ्यात रेल्वेचे रूळ दिसत नव्हते. तेव्हा कितीतरी गाड्यांची इंजिनं गेली, आणि बरीचशी पाण्यामुळे गेली नाहीत, पाण्यात उभी असताना चावी फिरवल्यामुळे गेली. असं झालं तर साध्या पॉलिसीत इंजिनाचे पैसे मिळायला त्रास होतो, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. आपल्या भागात ते घ्याच.

पैशांचं थोडक्यात. आठ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १६,८०० च्या आसपास. सात वर्षांसाठी घेतलं तर १३,१०० च्या आत. हप्ता लहान दिसतो म्हणून सात वर्षं घेतात, आणि व्याज नव्वद हजारांनी जास्त भरतात. आपलं उत्पन्न काही दरमहा सारखं नसतं. मोगरा तीन-चार महिने चांगला, केळी वर्षभराने हाताला लागते, आणि एका वादळात दोन्ही जातात. वाईटातल्या वाईट महिन्यात हप्ता कुठून देणार, याचं उत्तर असेल तरच सही करा. पीककर्ज गाडीत घालू नका. आणि विरार-अलिबागच्या, बुलेट ट्रेनच्या जमिनीचे पैसे आले म्हणून तीस-चाळीस लाखांची गाडी घेतलेले मी पाहिलेत. गाडी दहा वर्षांत भंगारात जाते. जमीन तर आधीच गेलेली असते. यापेक्षा जास्त लिहीत नाही, ज्याचा त्याचा प्रश्न.

आणि सगळ्यांनीच सात सीटर घ्यावी असंही नाही. वर्षातून पाच-सहा वेळाच सगळे मिळून जात असाल तर जुनी गाडी ठेवा आणि त्या दिवसाला पिवळ्या पाटीची गाडी भाड्याने घ्या, ड्रायव्हरसकट. कितीही महाग वाटली तरी ती हप्त्यापेक्षा स्वस्त. आमच्याकडे मात्र आईचं दवाखान्याचं जाणं महिन्यातून दोनदा, बाळाचे डोस, सूनबाईचं माहेर सफाळ्याला. तिला एकटीला दोन लेकरं घेऊन लोकलच्या गर्दीत पाठवणं आता पटत नाही. म्हणून आमचं ठरतंय ते असं: अर्टिगा, पेट्रोल, मधलं मॉडेल, आणि शक्य तर तीन-चार वर्षं वापरलेली, म्हणजे कर्ज निम्म्यावर येईल. फक्त जुन्या गाडीत सहा एअरबॅग मिळत नाहीत. यावर मुलाचं आणि माझं अजून जमलेलं नाही. तो म्हणतो, कर्ज वाढलं तरी चालेल, नवीच घेऊ. नातवाकडे बघितलं की त्याचं खरं वाटतं, वहीकडे बघितलं की माझं.

वापरलेली बघायला जाल तर पट्टा शेवटपर्यंत ओढून काढा, प्रत्येक सीटचा. पुरात बुडालेल्या गाडीचे गालिचे बदलतात, सीट धुतात, पण पट्ट्याच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहून जाते. शेवटच्या ओळीचे पट्टे तर सीटखालीच दाबलेले सापडतात, कोणी कधी लावलेले नसतात. दारांच्या खालच्या कडा आणि चाकांवरचा पत्रा नखाने खरवडून बघा. अर्नाळ्याच्या, राजोडीच्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली गाडी तिथून सडते. गाडी आधी टॅक्सी होती का, मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, हे परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला की दिसतं. एमएच ४८ असेल तर बरं, बाहेरची असेल तर एनओसी आणि कराची कटकट. व्यवहारात फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. नुसत्या स्टॅम्पपेपरवर गाडी घेऊ नका.

पुढच्या आठवड्यात केळीच्या मुनव्यांवर लिहितो. कोणते ठेवायचे, कोणते काढायचे, बऱ्याच जणांनी विचारलंय.